फक्त पाठ दिसेल

आमच्या कॉलनीत माझं नाव फार चांगलं होतं. समोरच्या काकू आपल्या नव्या सुनेला माझं उदाहरण द्यायच्या. "हिला कधी रस्त्यात उभं राहून गप्पा मारताना पाहिलंस का? आपलं घर, आपली मुलगी, बास." मी खिडकीशी असले तर ऐकायचे आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात निघून जायचे. सासूबाई तर भजनाला जातील तिथे सांगायच्या की सून मिळावी तर अशी, जळगावसारख्या शहरात राहून पायाला बाजाराची धूळ लागू देत नाही.

खरं एवढंच होतं की मला बाहेर जाताच येत नव्हतं.

सुरुवात सराफ बाजारात झाली. नणंदेच्या घरी लग्न होतं आणि मी मंगळसूत्र गाठवून घ्यायला एकटीच गेले होते. दुकानात बाकावर बसले होते, समोरचा माणूस काळे मणी ओवत होता. कुणी काही बोललं नाही, काही घडलं नाही, आणि एकाएकी माझं काळीज असं धडधडायला लागलं की आता आपण इथेच मरणार याची खात्रीच पटली. हाताला मुंग्या आल्या. दुकानाचं दार फार लांब गेल्यासारखं वाटलं. मंगळसूत्र तिथेच टाकून मी बाहेर आले, दारात लावलेल्या कुणाच्या तरी स्कूटरवर जरा टेकले, आणि कशीबशी रिक्षा करून घरी पोचले. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली. सगळं ठीक होतं. "पित्त आहे," ते म्हणाले, आणि गोळ्या दिल्या.

पुन्हा सराफ बाजारात गेले नाही. मग त्याच्या अलीकडच्या भाजीबाजारात असंच झालं, तोही सुटला. मग बँक. मग मुलीची शाळा. असं करत करत जग आमच्या गेटपाशी येऊन थांबलं. गेटवर भाजीवाला यायचा, दूधवाला यायचा, ब्लाउज शिवणारी बाई मापाचा ब्लाउज घेऊन जायची. बाकी सगळं नवरा आणायचा. माझे आतले कपडेसुद्धा तोच आणायचा, आणि माप चुकलं तरी मी बदलून आणा म्हणायचे नाही. मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते? माझ्या चपलांचे तळवे कित्येक वर्षं नव्यासारखे राहिले होते.

पुरुषाचं असं झालं असतं तर आठवड्यात चार माणसं विचारायला आली असती. मी बाई होते, म्हणून माझं कौतुक झालं. आणि ते कौतुक मी घेत राहिले. डोकं दुखतंय, उपास आहे, सासूबाईंच्या गुडघ्याला शेक द्यायचाय, अशी कारणं माझ्या ओठांवर तयार असायची. घरात एकटी मुलगी काय ते समजून होती. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांच्या आया येणार होत्या तेव्हा तिने आपणहून बाईंना सांगितलं की मम्मीला उन्हाची ॲलर्जी आहे. गॅदरिंग संध्याकाळी होतं. तिने हे मला घरी येऊन सांगितलं, दप्तर काढता काढता, जसं काही मला पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. त्या दिवशी मला तिच्याकडे बघवलं नाही.

गेल्या वर्षी चैत्रात नवऱ्याचे मामेभाऊ घरी आले. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते धुळ्याचे. अहिराणीत विनोदी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतात. सासू-सुनेची भांडणं, लग्नातला रुसलेला जावई, असले. खेड्यापाड्यांत लोक त्यांना ओळखतात. त्या दिवशी जेवताना मात्र ते गंभीर होते. त्यांना एक मोठा सिनेमा करायचा होता, आणि विनोदी नाही.

"एक बाई आहे," ते शेवभाजीत भाकरी कुस्करत म्हणाले. "नवरा वारलेला. तेव्हापासून तिने घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. टाकताच येत नाही तिला. भीती बसलीय. आणि हे दोन चोरांना कळतं. ते गच्चीवरून आत येतात. आता यातली गंमत ऐका वहिनी. चोर पुढचं दार लावतच नाहीत. दार सताड उघडं आहे, ती पळू शकते. पण त्यांना ठाऊक आहे, ही पळणार नाही."

माझ्या हातात वाढायची पळी होती. ती मी पुन्हा पातेल्यात ठेवली.

सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "येडी शे का ती? दार उघडं शे, मंग पळाले काय व्हस?"

"तीच तर स्टोरी आहे, आत्या."

"आनि घरमा ऱ्हावाचं दुख? अरे, घरमा ऱ्हावाले ते नशीब लागस."

हे त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. पारोळ्याकडच्या खेड्यात त्यांनी उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला होता. पाय भाजतील अशा उन्हात बाहेर पडावंच लागायचं. सून सावलीत बसलेली त्यांना सुख म्हणूनच दिसत होती.

माझा नवरा हसला. "मला नाही पटत. लोक कॉमेंटमध्ये शिव्या घालतील तुला. म्हणतील, ही बाई आहे की खांब?"

"पटवून दाखवतो की. मला फक्त एक घर पाहिजे. असंच. कोपऱ्याचं, मागून गच्चीवर जिना असलेलं. आखाजीच्या आसपास चार-पाच दिवस. तेव्हा पोरं मोकळी असतात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी नाही म्हणेन. घरात परकी माणसं, सामानाची हलवाहलव. पण तो काही बोलायच्या आत मी म्हणून टाकलं, "चालेल. करा ना."

त्यामागचं कारण कुणाला माहीत नव्हतं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी जाते. माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत, भावाजवळ राहतात. आई नाही. दरवर्षी आखाजीच्या आधी त्यांचा फोन यायचा की भावाला मुऱ्हाळी पाठवतो, म्हणजे लेकीला घेऊन यायला पाठवतो. आणि दरवर्षी मी काहीतरी सांगायचे. आता कारणं संपत आली होती. भाऊजींच्या सिनेमाने मला एक खरं कारण आणून दिलं.

"अक्का, या वर्षी तरी," वडील फोनवर म्हणाले. ते मला लहानपणापासून अक्काच म्हणतात.

"बाबा, घरी शूटिंग आहे. माणसं आहेत जेवायला. मी कशी निघणार?"

"शूटिंग?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "बरं, बरं. मोठंच काम आहे मग. कर तू." आणि त्यांच्या आवाजात मला लेकीचा अभिमान ऐकू आला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बेसिनवर नुसते हात धूत उभी होते.

शूटिंगची मंडळी आली. कॅमेरा चालवणारा एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. दोन चोरांपैकी एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुसरा विमा एजंट होता. दोघंही मोठे सभ्य. तोंडाला काळा रुमाल बांधून सुरा घेऊन आत शिरायचे आणि कट म्हटल्याबरोबर रुमाल खाली ओढून विचारायचे, "वहिनी, ही खुर्ची आपटली तर चालेल ना?" आवाजासाठी कूलर बंद ठेवावा लागायचा, पंखासुद्धा. एप्रिलचं जळगाव आणि पंखा बंद. भिंतीसुद्धा घामेजल्यासारख्या वाटायच्या. मी माठातलं पाणी आणि कैरीचं पन्हं पुरवत होते. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं. मी जगाकडे जाऊ शकत नव्हते, तर जगच घरात येऊन माझ्या हातचं जेवत होतं.

त्या भीतीच्या बाईचं काम करणारी मुलगी धुळ्याची होती, ब्यूटी पार्लर चालवणारी. चुणचुणीत, हसरी. दारापाशी येऊन घाबरायचा तिचा प्रसंग होता. ती दोन्ही हातांनी डोकं धरून किंचाळायची. भाऊजी वैतागले.

"अगं, भूत दिसल्यासारखं काय ओरडतेस? आतल्या आत व्हायला पाहिजे ते. थांब, मी वाचून दाखवतो."

मी आत पोळ्या करत होते. त्यांनी मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागले. त्या भीतीचं एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. मग मराठीतून पुढे: छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं, जिथे असं झालं ती जागा माणूस टाळायला लागतो, मग तशा सगळ्याच जागा टाळतो, आणि हळूहळू घराबाहेर पडणंच सोडतो.

मी गॅस बंद केला. भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून लाटणं ओट्यावर हळूच ठेवलं. ते पुढे वाचत होते की हा आजार आहे, यावर उपचार आहेत. म्हणजे याला नाव होतं. म्हणजे कुठे कुठे अशी माणसं होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही असेल. पण त्याहून जास्त असं वाटलं की कुणीतरी माझ्या खिडकीतून मला पाहिलंय, लिहून घेतलंय, आणि आता बाहेरच्या खोलीत चारचौघांना वाचून दाखवतंय.

दुपारी ती मुलगी जेवायला माझ्याजवळ स्वयंपाकघरातच बसली. म्हणाली, "ताई, एक विचारू? असं खरंच असतं का हो कुणाला? मला जमतच नाही ते. मी तर नवरीच्या ऑर्डरी करायला कुठे कुठे एकटी जाते. रावेरला गेले परवा, येताना एसटी चुकली तर केळीच्या गाडीत बसून आले. मला घरातच बसवत नाही."

तिने मनापासून विचारलं होतं. तिला तिचं काम नीट करायचं होतं. आणि मी तिच्या ताटात भात वाढत म्हणाले, "सिनेमातच असेल बाई असलं काहीतरी."

"मलाही तेच वाटतं," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी आखाजी, लग्नांचा मोठा मुहूर्त. तिला धुळ्यात पहाटे एका नवरीचा मेकअप करायचा होता, म्हणून ती दुपारीच एसटीने गेली. आणि एक शॉट राहून गेला. तोही सगळ्यात शेवटचा: ती बाई अखेर धीर करून उघड्या दारातून पळते, ओट्यावरून उतरते, गेट उघडते आणि रस्त्यावर जाते. कॅमेरा मागून.

भाऊजी घरभर येरझाऱ्या घालत होते. मग माझ्यासमोर येऊन थांबले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वहिनी, तुमची उंची तिच्याएवढीच आहे."

मला लगेच कळलं.

"नाही हो भाऊजी. मला नाही जमणार."

"जमायचं काय त्यात? बोलायचं नाही, रडायचं नाही. फक्त पाठ दिसेल. तिची साडी इथेच आहे. दारातून निघायचं आणि समोरच्या निंबापर्यंत जायचं. बास."

नवरा त्या दिवशी हौसेने अर्धी सुट्टी टाकून आला होता. म्हणाला, "अगं, पाच मिनिटांचं काम. एवढं काय?" सासूबाईही खुशीत होत्या. गेटबाहेर शेजारच्या बायका-पोरं जमली होती. समोरच्या काकू खुर्ची घेऊनच बसल्या होत्या. मुलगी घाईघाईने म्हणाली, "मम्मीला ऊन चालत नाही." "ऊन उतरलं बेटा," भाऊजी म्हणाले. आणि खरंच उतरलं होतं. माझ्याजवळ दुसरं कारण नव्हतं. मी खोलीत जाऊन ती हिरवी साडी नेसले. निऱ्या तीनदा सुटल्या.

पहिल्या वेळी मी ओट्यावर जाऊन थांबले. "थांबू नका वहिनी, जात राहा!" दुसऱ्या वेळी पायऱ्या उतरले आणि मागे वळले. सगळे हसले. काकू म्हणाल्या, "लाजाळू आहे फार." तिसऱ्या वेळी मी मनाशी ठरवलं की डोळे मिटून जायचं. कशाला धरून जायचं ते सुचेना म्हणून गेटच धरलं. कडी वर केली. गेट उघडलं. डोळे उघडले, तर समोर आमचाच रस्ता होता. पोरं सायकल चालवतात तो, त्यापलीकडे निंबाचं झाड. एवढंच. आणि काळीज तसंच सुरू झालं, दुकानात झालं होतं तसं. कानात काही ऐकू येईना. निंबाचं झाड लांब लांब जायला लागलं. माझे पाय होते की नव्हते कोण जाणे, मी गेटच्या गजांना धरून खाली बसले आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "मला नाही जाता येत. मला नाही जाता येत हो. मला आत न्या."

किती वेळ तसं म्हणत होते ते सांगता येणार नाही. मागून भाऊजींचा आवाज आला, "कट! वहिनी! काय केलंत हो तुम्ही!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाल्याने शिट्टी मारली. गेटबाहेरच्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या, पोरांनी तर उड्या मारल्या. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, एवढे गुण लपवून ठेवले होतेस होय!"

मी तशीच बसून होते. टाळ्या हळूहळू विरत गेल्या. एकेक चेहरा हसायचा थांबत होता ते मला गजांतून दिसत होतं. मुलगी रडत होती. मग सासूबाई आल्या. गुडघ्याने त्रास असूनही भराभर पायऱ्या उतरल्या, माझा डोक्यावरून घसरलेला पदर ओढून तोंडावर घेतला आणि मागे वळून ओरडल्या, "बंद करा रे ते मशीन! पोरगी खरी रडी ऱ्हायनी, दिसत नही का?"

रात्रीचं जेवण कुणी धड जेवलं नाही. नवरा खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मंगळसूत्र गाठवायला गेले होते ना, तेव्हापासून."

तो मनात मागे मागे जात होता. शाळा, लग्नं, त्याच्या ऑफिसातल्या लोकांकडचे कार्यक्रम. "मला वाटायचं तुला आवडत नाही," तो म्हणाला. मग आवाज चढला. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय परका आहे?"

"लाज वाटायची."

"माझी?"

"माझीच."

तो चिडलेलाच होता. पण थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "आणि मला ते बरंही वाटायचं. घरी आलं की तू असतेसच." एवढं म्हणून तो उठून गच्चीवर गेला. मला वाटतं, त्या दिवशी लाज वाटणारी घरात मी एकटीच नव्हते.

सासूबाई मात्र चार दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. भजनालाही गेल्या नाहीत. त्यांनी गावभर जे मिरवलं होतं ते मी त्यांच्या हातून काढून घेतलं होतं, आणि तेही सगळ्या कॉलनीदेखत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

भाऊजी आखाजीनंतर एकटेच आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. "वहिनी, मला काही माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तो शॉट मी वापरणार नाही. पण खरं सांगू का, तसा शॉट मला पुन्हा..." आणि ते थांबले.

"काढून टाका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोर मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीवरून तो काढून टाकला. त्यांचा हात जड झाला होता, हे मला दिसत होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी सिनेमा यूट्यूबवर आला. आम्ही घरच्या टीव्हीवर पाहिला. घर आमचंच, पण अंधारात ते परक्याचं वाटत होतं. शेवटी चोर तिच्या अंगावर येतात, ती मुलगी दाराकडे बघते, जोरात संगीत सुरू होतं आणि ती एका दमात दारातून, ओट्यावरून, गेटमधून रस्त्यावर पळत जाते. गेट दुसऱ्याच कुठल्या तरी घराचं होतं. रस्त्यावर तोंड वर करून ती हसते, आणि संपतं. मी मांडीवरच्या उशीकडे बघत बसले होते. नवऱ्याने रिमोट शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात सासूबाई टीव्हीला म्हणाल्या, "इतलं सोपं ऱ्हास का हाई?" नवऱ्याने टीव्ही बंद केला. त्या उठून झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. त्यांनी शेजारपाजारच्यांना बोलावून सिनेमा दाखवला होता. "अक्का, तुझं सगळं घर दिसलं! तुझं स्वयंपाकघर मी ओळखलं. ह्यांना सांगितलं, हे माझ्या लेकीचं घर."

मी म्हणाले, "बाबा, जरा खोलीत जाऊन बोलता का?" आणि मग सगळं सांगितलं. शूटिंगचं सांगितलं, त्याआधीच्या सगळ्या आखाज्यांचं सांगितलं. उपास, सासूबाईंचे गुडघे, मुलीचा ताप, एकेक खोटं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मला वाटत होतं, आई गेली म्हणून तुला इथे करमत नाही. तुझी वहिनी काही बोलली का म्हणून मी तिच्याशीसुद्धा दोनदा भांडलो." आणि मग एकदम, "हे आधी सांगायचं ना, अक्का."

भावजयीचं ऐकून मी खाली बसले. ती बिचारी दरवर्षी माझ्यासाठी सांजोऱ्या करून पाठवत होती.

त्यानंतर मी मनाच्या आजारांच्या डॉक्टरकडे गेले. जळगावातच. नवऱ्याने मोटरसायकल अगदी दवाखान्याच्या दाराला लावली तरी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गेले, निम्मं भीतीने, निम्मं कुणी ओळखेल म्हणून. बाकावर समोर एक माझ्याच वयाची बाई तसाच स्कार्फ बांधून बसली होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज थोडं थोडं बाहेर जायला सांगितलं. काळीज धडधडलं तरी लगेच परत फिरायचं नाही, ते उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. गेट, मग निंबाचं झाड, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मी निंबाखाली उभी राहते तेव्हा समोरच्या काकू आता खिडकीचा पडदा सारतात. चांगल्या मनाने सारतात, मला माहीत आहे, पण तेच सोसत नाही. सुनेला माझं उदाहरण द्यायचं त्यांनी केव्हाच बंद केलंय.

या वर्षी आखाजीला आम्ही धुळ्याला निघालो. नवऱ्याने मित्राची कार मागून आणली, म्हणजे वाटेत कुठेही थांबता येईल. एरंडोलला मी गाडी थांबवायला लावली. काच खाली करून बसले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा श्वास घेतला, आणि पुढे निघालो. पारोळ्याच्या अलीकडे पुन्हा सुरू झालं. या वेळी उतरेना. मुलगी पुढच्या सीटवरून मागे वळून सारखी माझ्याकडे बघत होती. नवऱ्याने वडिलांना फोन लावला की आम्ही पारोळ्यात आहोत, पण पुढचं काही सांगता येत नाही. ते म्हणाले, "तिथेच स्टँडजवळ थांबा. मी येतो."

ते मिळाली ती एसटी पकडून आले. मी खिडकीतून पाहिलं. इतक्या वर्षांत ते किती वाळले होते. फोनवर आवाज तसाच असतो, त्यामुळे हे मला कळलंच नव्हतं. मला खाली उतरून त्यांच्या पाया पडायचं होतं. दाराच्या कडीवर हात होता, पण स्टँडवरची गर्दी बघून तो वळेना. त्यांनीच दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. नवरा मुलीला घेऊन चहा आणायला गेला.

"बाबा, मला खाली उतरता येत नाही," मी म्हणाले. चाळिशीची बाई मी. माझी नजर त्यांच्या चपलांवरच होती.

"कशाला उतरतेस? इथे सावली आहे," ते म्हणाले.

आम्ही तिथे बसून चहा प्यालो. त्यांनी मुलीची शाळा विचारली, घरच्या पाण्याचं विचारलं. मग थोड्या वेळाने, "पुढे जायचं का?"

"आज नको."

"बरं."

मागून एक बस आत वळायला बघत होती आणि आमची गाडी तिच्या वाटेत होती. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. स्टँडवरची माणसं आमच्याकडे बघत होती. वडील खाली उतरले, बसच्या ड्रायव्हरला हात करून थांबवलं, आणि आमच्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. कंडक्टरच्या जुन्या सवयीने, मोठ्या आवाजात, "येऊ द्या, येऊ द्या, अजून, डावीकडे घ्या, येऊ द्या." नवऱ्याने त्यांच्या आवाजावर गाडी मागे घेतली आणि तोंड जळगावकडे वळवलं. मी मान खालीच घातली होती. गाडीच्या पत्र्यावर त्यांच्या हाताचे दोन ठोके ऐकू आले आणि आम्ही निघालो.